हाताची विद्या एमबीबीएसच्या वर्गात कधी येणार?

विभाग: आरोग्य आणि वैद्यक
धागा: फिजिओ_परळ

गेली बरीच वर्षं मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात फिजिओथेरपीच्या मुलांना मॅन्युअल थेरपी, म्हणजे हाताने करायचे उपचार, शिकवते. सांधा कसा धरायचा, मणक्याच्या कुठल्या हाडावर अंगठा टेकवायचा, दाब किती द्यायचा आणि हात कधी काढून घ्यायचा, हे त्यांच्याकडून घोटून घेतलं जातं. त्याच आवारात एमबीबीएसची मुलं शिकतात. त्यांना यातलं जवळजवळ काही शिकवत नाहीत. आणि मान धरली, कंबरेत उसण भरली, खांदा आखडला की माणूस सगळ्यात आधी जातो तो गल्लीतल्या डॉक्टरकडेच.

तिथे काय होतं हे इथल्या बहुतेकांनी अनुभवलं असेल. दोन मिनिटं बोलणं, पेनकिलर, बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन, कंबरेला पट्टा आणि फारच झालं तर एमआरआय. मग ती फाइल घेऊन "मणक्यात गॅप आलाय", "गादी सरकलीय" म्हणत पेशंट आमच्याकडे येतो. मी विचारते, डॉक्टरांनी पाठीला हात लावून पाहिलं का? बहुतेकदा उत्तर 'नाही' असतं. डॉक्टरांना कळकळ नसते असं मी मुळीच म्हणणार नाही. त्या पाठीवर हात ठेवून काय शोधायचं, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

ही विद्या मूळची वैद्यकाच्या बाहेरची आहे आणि ते लपवायचं कारण नाही. इंग्लंडमध्ये हाडं बसवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या होती, डॉक्टर त्यांचा तिरस्कार करत. १८६७ साली जेम्स पॅजेट या नामवंत सर्जनने आपल्याच व्यवसायबंधूंना सुनावलं की तुमच्याकडे बरे न होणारे काही रुग्ण त्यांच्याकडे बरे होतात. त्यांचं चांगलं ते शिका, घातक ते टाळा. थोड्याच वर्षांत व्हार्टन हूड नावाचा डॉक्टर खरोखरच रिचर्ड हटन या हाडवैद्याकडे शिकायला गेला. हूडच्या वडिलांनी हटनवर पैसे न घेता उपचार केले होते, त्या उपकाराची फेड म्हणून हटन आपली कला दाखवायला तयार झाला. हूडने पाहिलं, स्वतः करून बघितलं आणि १८७१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये सगळं सविस्तर छापलं. हटन प्रत्येकाला सांगे की हाड जागेवरून सरकलंय. हूडच्या लक्षात आलं की बहुतेकांचं हाड जागेवरच असतं, दुखापतीनंतर सांध्याभोवती झालेली चिकटण त्या हिसक्याने सुटते. त्याने कृती उचलली आणि तिच्यामागचं स्पष्टीकरण बदललं.

माझ्या मते बाहेरची विद्या आत आणायची रीत हीच. पुढे लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात जेम्स सिरियाक्स यांनी सांधा तपासण्याची पद्धतशीर रीत बसवली आणि फिजिओंना हस्तोपचार शिकवले. ऑस्ट्रेलियात जेफ्री मेटलंड यांनी सांध्याला द्यायच्या हालचालींच्या पायऱ्या ठरवल्या, आजही आम्ही त्याच शिकवतो. पण हे सगळं फिजिओथेरपीपर्यंत येऊन थांबलं. आपल्या परळच्या केईएम रुग्णालयात १९५० साली कमला निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीची देशातली पहिली शाळा काढली, पाठोपाठ फिजिओथेरपीची आली. सत्तरहून जास्त वर्षं या शहरात हाताने काम करणारे तज्ज्ञ तयार होताहेत, आणि शेजारच्या इमारतीतल्या एमबीबीएसच्या मुलाला इंटर्नशिपमध्ये ऑर्थोपेडिक्स आणि पीएमआर (पुनर्वसन वैद्यक) मिळून दोन आठवडे मिळतात. त्यातले बरेचसे प्लास्टर धरण्यात आणि फॉर्म भरण्यात जातात.

एमबीबीएसच्या मुलाने मॅन्युअल थेरपिस्ट व्हावं असं मला म्हणायचं नाही. त्याला पाठ, मान, खांदा, गुडघा हाताने नीट तपासता यावा. हाताने तिथल्या तिथे बऱ्या होणाऱ्या मोजक्या गोष्टी करता याव्यात. सांध्याला हलक्या हालचाली कशा देतात हे त्याने स्वतःच्या अंगावर अनुभवावं, म्हणजे कुणाला आमच्याकडे पाठवायचं ते कळेल. मानेला झटका देणं मात्र शिकवू नये, असं माझं ठाम मत आहे. मानेतल्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात होण्याचा धोका दुर्मीळ असला तरी खरा आहे.

डॉक्टर, वैद्य, विद्यार्थी, पेशंट, सगळ्यांची मतं हवी आहेत.

---

अस्थि_निवासी

मॅडम, आदर ठेवून विरोध नोंदवतो.

कोपराला लागलेलं मूल आमच्या कॅज्युअल्टीत आलं की आईला पहिला प्रश्न असतो, "कुणी चोळलंय का?" बहुतेकदा चोळलेलं असतं. दुखावलेला कोपर चोळला की काही मुलांच्या स्नायूत हाड तयार होऊ लागतं, मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात त्याला, आणि तो कोपर पुढे पुरता वाकत नाही. याहून वाईट म्हणजे कोपराच्या वरचं हाड मोडलेलं, कुणीतरी बांबूच्या कामट्या करकचून बांधलेल्या, बोटं थंड आणि निळी. आतला दाब वाढून काही तास रक्तपुरवठा तुटला की स्नायू मरतात, मग आखडतात, आणि मनगट व बोटं कायमची वाकडी राहतात. सात-आठ वर्षांच्या मुलाचा हात. त्याच्या बापाला ते समजावून सांगण्याची वेळ कुणावर येऊ नये.

आज तुम्ही 'हाताची विद्या' म्हणून तिला कॉलेजात मानाचं पान दिलंत की उद्या प्रत्येक मालीशवाला भिंतीवर लिहील, "डॉक्टरही हेच शिकतात." फिजिओंनी करावं, त्यांचं ते शिक्षण आहे. एमबीबीएसमध्ये आणू नका.

---

हाडवैद्याची_नात

अस्थि_निवासी, तुम्ही जे पाहता ते खरंच आहे. तरी दुसरी बाजू सांगते.

माझे आजोबा सातारा जिल्ह्यात हाडं बसवायचे. पैसे घेत नसत, कुणी नारळ ठेवला तर घेत. कामट्या बांधल्यावर आत बोट जातंय का ते बघत, नख दाबून सोडत आणि रंग परत येतो का ते बघत. संध्याकाळी परत बोलावत आणि सूज वाढली असेल तर सगळं सोडून सैल बांधत. हाड बाहेर आलं असेल, जखम उघडी असेल तर हात लावत नसत, एसटीत बसवून जिल्ह्याच्या दवाखान्यात धाडत. शेजारच्या गावात दुसरे एक जण होते, ते उघड्या जखमेवरही पाला बांधायचे. लोकांच्या लेखी दोघेही हाडवैद्य. कोण जपून करतो आणि कोण आंधळेपणाने, हे ओळखायची काहीच सोय गावाकडे नव्हती.

आजोबांनी जन्मभर हे केलं, पण एकही डॉक्टर ते काय करतात हे बघायला आला नाही. शिव्या द्यायलाही आला नाही. ते गेले आणि त्यांना जे येत होतं ते त्यांच्याबरोबर गेलं. तुमच्या धाग्यातल्या त्या हूडबद्दल वाचून मला फार वाटून गेलं.

---

फिजिओ_परळ

ताई, तुमचे आजोबा नख दाबून बघत ती परीक्षा एमबीबीएसच्या प्रत्येक मुलाला शिकवतात. प्लास्टर घातल्यावर करायची ती पहिली तपासणी आहे.

अस्थि_निवासी, तुमचं उदाहरण मला माझ्या बाजूचं वाटतं. कामट्या बांधलेलं मूल तुमच्यापर्यंत पोचण्याआधी बऱ्याचदा एखाद्या जनरल प्रॅक्टिशनरने पाहिलेलं असतं. बोट सरळ करताना मूल किंचाळतंय म्हणजे आतला दाब वाढतोय, हे त्याच्या हाताला कळलं असतं तर ते मूल सहा तास आधी तुमच्याकडे आलं असतं. आणि रस्ता ओलांडताना आईने हात ओढला, मूल हात लोंबता ठेवून रडतंय, म्हणजे 'पुल्ड एल्बो', कोपरातलं हाड किंचित सरकलेलं, हे तुम्ही स्वतः एका क्षणात हाताने बसवता. मोडलेलं कोपर आणि हे, यातला फरक इतिहास विचारून आणि हात लावूनच कळतो.

---

कान_नाक_घसा

विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून थोडं सविस्तर.

कूस बदलली, वर फळीवरचा डबा काढायला मान वर केली की काही सेकंद खोली गरगर फिरते. यातल्या पुष्कळांना बीपीपीव्ही असतो. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात, ते आपली जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. डोकं हललं की कण घरंगळतात आणि मेंदूला खोटी खबर जाते. त्यावर अमेरिकेतल्या जॉन एप्ली या कानाच्या डॉक्टरने उपाय काढला: पेशंटला आडवं करायचं, डोकं ठरावीक क्रमाने एकेका बाजूला वळवायचं, प्रत्येक स्थितीत थोडं थांबायचं, म्हणजे कण नळीतून फिरत फिरत बाहेर पडतात. औषध नाही, यंत्र नाही, फक्त दोन हात आणि एक कॉट.

त्यांनी १९८० साली हे परिषदेत मांडलं तेव्हा लोकांनी विश्वास ठेवला नाही. डोकं फिरवून चक्कर बरी होते, हे ऐकायलाच भोंदूपणाचं वाटत होतं. शोधनिबंध छापून यायला १९९२ उजाडलं. त्यानंतर मात्र चाचण्यांमागून चाचण्या झाल्या आणि आज जगभरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हा पहिला उपचार आहे.

आणि आपल्याकडे? माझ्याकडे येणाऱ्या कित्येक पेशंटना आधी "मानेच्या मणक्यामुळे चक्कर येते" असं सांगून कॉलर दिलेली असते आणि महिनोन्‌महिने चक्करच्या गोळ्या चालू असतात. एक बाई लोकलमध्ये चढायच्या बंद झाल्या होत्या, नोकरी सोडायच्या बेतात होत्या. पहिल्याच भेटीत त्यांची चक्कर थांबली. यात माझं कौशल्य फार नाही. हे कुठल्याही एमबीबीएस डॉक्टरला एका दुपारी शिकता येतं. ही चक्कर ओळखायची डिक्स-हॉलपाइक चाचणी पुस्तकात असते, परीक्षेत तिचं नाव विचारतात, पण कॉटवर कुणाचं डोकं धरून ती करून घेतलेली नसते. फिजिओ_परळ, तुमच्या यादीत हे पहिलं असू द्या.

---

इंटर्न_ताई

मी सध्या इंटर्नशिप करतेय, म्हणून आतली परिस्थिती सांगते. ओपीडीत एका टेबलाभोवती तीन डॉक्टर, समोर केसपेपरची चळत, बाहेर रांग जिन्यापर्यंत. तपासायची कॉट आहे, तिच्यावर फायली असतात. पडदा अर्धा तुटलेला. बाईमाणसाची पाठ तपासायची तर तिला ब्लाउज सैल करायला सांगायचं कुठे? सोबत उभी राहायला सिस्टर मोकळी नसते. हात लावणं शिकवलं तरी लावायचा कुठे, हा आमचा पहिला प्रश्न आहे.

दुसरं म्हणजे पीजीची प्रवेश परीक्षा. इंटर्नशिपचं वर्ष आमच्यातले बहुतेक जण एमसीक्यू सोडवण्यात घालवतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. जे परीक्षेत येत नाही त्याला वेळ मिळत नाही. प्रॅक्टिकल परीक्षेत ओएससीईचं (टेबलाटेबलावर प्रत्यक्ष कौशल्य तपासणाऱ्या परीक्षेचं) एक स्टेशन पाठ किंवा खांदा तपासण्याचं ठेवा आणि लॉगबुकात त्याची सही बंधनकारक करा. एका वर्षात सगळे शिकतील.

बाकी, मला शिकायचं आहे. घरी आजीची पाठ दुखते तेव्हा ती पायाळू शेजारणीकडून पाठीवर पाय फिरवून घेते. डॉक्टर नात घरात असून तिला मी गोळीखेरीज काही देऊ शकत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

---

वैद्य_वरळी

धागा चांगला आहे, पण एक गोष्ट खटकली. हाडवैद्यकाचा इतिहास इंग्लंडपासून सुरू केलात. सुश्रुतसंहितेत भग्नाचा स्वतंत्र विचार आहे. सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार दिलेत. उपचारात आंछन, पीडन, संक्षेप आणि बंधन, म्हणजे ताणणं, दाबून बसवणं, टोकं जुळवणं आणि बांधणं, हा क्रम आहे. आजचा ऑर्थोपेडिक सर्जन प्लास्टरच्या आधी हेच करतो. १०७ मर्मं, म्हणजे शरीरातल्या नाजूक जागा, सांगितलीत, कुठे आघात झाला तर काय होतं त्यासकट. आणि तुम्ही म्हणता, "कृती घ्या, स्पष्टीकरण सोडा." मग आमच्या शास्त्राचं काय उरलं? मसाजवाल्यांची यादी?

इंटर्नशिपमध्ये आयुषसाठी आठवडाभराची पोस्टिंग आहे, तीही बऱ्याच ठिकाणी कागदावर उरकतात. आधी ती नीट करा.

---

फिजिओ_परळ

वैद्यबुवा, तुमचा राग रास्त आहे. भग्नचिकित्सेचा तो क्रम मी वर्गात सांगते, आता इथेही तो आधी यायला हवा होता हे मान्य. पण स्पष्टीकरणाबद्दल मी मागे हटणार नाही. मर्माचं सुश्रुताने केलेलं वर्णन पाहून, शोधून, प्रेतं तपासून केलेलं होतं. प्रेत पाण्यात ठेवून कुजवून थराथराने बघा असं सांगणारा आचार्य आपलं म्हणणं तपासायला नको म्हणाला असता असं मला वाटत नाही. वर्गात जे येईल त्याला "हे कशावरून?" असा प्रश्न विचारता आला पाहिजे. तो प्रश्न मेटलंडलाही आणि तुम्हालाही.

आयुषच्या त्या आठवड्याबद्दल शंभर टक्के सहमत. तो आठवडा तुमच्यासारख्या माणसाच्या हाताखाली, खऱ्या पेशंटबरोबर गेला तर त्यातूनही हेच काम होईल.

---

लंडनकर_ठाणेवाला

मी इथे लंडनमध्ये रुग्णालयात फिजिओ आहे, ऑस्टिओपॅथ (हाडं-सांध्यांवर हाताने उपचार करणाऱ्या) सहकाऱ्यांबरोबर काम केलंय. धाग्याला उपयोगी पडेल म्हणून अमेरिकेतल्या ऑस्टिओपॅथीची गोष्ट सांगतो, कारण 'पर्यायी हस्तोपचार पूर्णपणे मुख्य प्रवाहात आला' याचं तेवढं मोठं उदाहरण दुसरं नाही.

अँड्र्यू टेलर स्टिल हे मिसुरीतले डॉक्टर. १८६४ मध्ये मेनिंजायटिसने त्यांची तीन मुलं गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. हाडामांसाची रचना हाताने सुधारली की शरीर स्वतः बरं होतं, असा त्यांचा सिद्धान्त. १८९२ मध्ये त्यांनी कर्क्सव्हिल गावात कॉलेज काढलं. नंतर १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने अमेरिकेतल्या वैद्यकीय कॉलेजांचं वाभाडं काढलं, त्यात ही कॉलेजंही होती. त्यांनी हळूहळू अभ्यासक्रम वाढवला, औषधं, शस्त्रक्रिया सगळं घेतलं. १९६० च्या दशकात अमेरिकी सैन्याने त्यांचे डॉक्टर घ्यायला सुरुवात केली. २०२० पर्यंत तर एमडी आणि डीओ (ऑस्टिओपॅथीची पदवी) यांच्या रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची, मान्यताही एकत्र झाली. आज डीओ हा तिथे पूर्ण डॉक्टर आहे.

पण यातली मेख बघा. आज बहुतेक डीओ डॉक्टर प्रॅक्टिसमध्ये हस्तोपचार क्वचित करतात. कॉलेज आत आलं, पदवी आत आली, आणि हात बाहेर राहिला. वेळ नाही, विमा पैसे देत नाही, रेसिडेन्सीत कुणी करताना दिसत नाही. ब्रिटनमध्ये उलटं झालं: १९९३ च्या कायद्याने ऑस्टिओपॅथना नोंदणी मिळाली, ते डॉक्टर नाहीत, पण हाताचं काम रोज करतात. म्हणून फिजिओ_परळ, फक्त अभ्यासक्रमात चार ओळी घालून घेऊ नका. वॉर्डात आणि ओपीडीत वरिष्ठ डॉक्टर ते करताना मुलांना दिसले नाहीत तर वर्षभरात विसरतील.

---

उपनगरी_जीपी

मी पूर्व उपनगरात फॅमिली डॉक्टर आहे, चाळी आणि झोपडपट्टीच्या मधोमध दवाखाना. वाचत होतो, लिहिणार नव्हतो, पण एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही.

मुंबईत कंबरदुखी म्हटलं की टीबी मनात असलाच पाहिजे. मणक्याचा टीबी सुरुवातीला साध्या पाठदुखीसारखाच दिसतो. एक्स-रेत बदल दिसायला वेळ लागतो. माझ्याकडे एक माथाडी कामगार आले. ओझं उचलून पाठ भरली असं सगळ्यांनी धरून चाललेलं. बरेच आठवडे कुणाकडून तरी पाठ तुडवून, दाबून घेत होते. दाबून घेतलं की रात्री जास्त दुखायचं. मी शर्ट काढायला सांगितला आणि मणक्यावरून एकेक हाड बोटाने चाचपत खाली आलो. एका हाडावर ते दचकले. तिथे किंचित उंचवटा होता, डोळ्यांना पटकन न दिसणारा, बोटाला लागणारा. मग विचारलं तर संध्याकाळचा बारीक ताप, पँट सैल झालेली, झोपेतून जागं करणारं दुखणं, सगळं निघालं. पायांची ताकद थोडी कमी होती. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवलं. मणक्याचा टीबीच निघाला. औषधं वर्षाहून जास्त चालली. आज चालतात, कामावर आहेत, हलक्या.

कुजत चाललेल्या मणक्यावर कुणी जोराने झटका दिला असता तर हा माणूस कमरेखाली लुळा झाला असता. ज्याला चाचपायचं कसं ते माहीत नाही, तो धोका ओळखू शकत नाही, मग तो मालीशवाला असो, कटकट आवाज काढून व्हिडिओ टाकणारा असो, की एमडी असो. मला हे बोटाने चाचपणं कॉलेजात कुणी शिकवलं नाही. एका जुन्या फिजिओने शिकवलं, माझ्या स्वतःच्या पाठीवर.

म्हणून माझं मत: हस्तोपचार शिकवायच्या पहिल्याच तासाला हात कधी लावायचा नाही हे शिकवा. रात्रीचं दुखणं, ताप, वजन घटणं, कॅन्सरचा इतिहास, स्टेरॉइड चालू असलेली म्हातारी माणसं, लघवी अडणं किंवा बसायच्या जागेला बधिरपणा. हे तोंडपाठ झाल्याशिवाय पुढचा तास नको.

---

अस्थि_निवासी

जीपी सर, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून आमच्या ड्यूटी रूममध्ये लावतोय.

---

छोटीची_आई

मी डॉक्टर नाही. माझी मुलगी दोन्ही पाय आत वळलेली जन्मली, क्लबफूट. पहिल्या ठिकाणी पाय जोरात सरळ ओढून प्लास्टर घालत होते. ती तासन्‌तास रडायची आणि पाय तसाच. नंतर परळला ज्या डॉक्टरांकडे गेलो, ते पाय हातात घेऊन बराच वेळ नुसते चाचपत होते. मग एका बोटाने घोट्याजवळचं एक हाड आधाराला धरून बाकी पाऊल हळूहळू बाहेर वळवलं. दर आठवड्याला नवं प्लास्टर. शेवटी टाचेची शीर छोटीशी कापली, मग बूट आणि पट्टी, आधी जवळजवळ दिवसरात्र आणि नंतर फक्त झोपताना, काही वर्षं. आता ती बिल्डिंगच्या मुलांबरोबर लंगडी खेळते.

पोन्सेटी पद्धत म्हणतात हे मला नंतर कळलं. पोन्सेटी हे मूळचे स्पेनचे, अमेरिकेत आयोवाला काम करत. १९६३ मध्ये त्यांनी आपले निकाल छापले, पण जगभरचे सर्जन मोठ्या शस्त्रक्रियाच करत राहिले. मोठ्या प्रमाणावर स्वीकार झाला तो १९९० च्या दशकात, तेव्हा लहानपणी उपचार झालेली मुलं मोठी होऊन चांगल्या पायांवर चालत होती. माझं एवढंच मागणं आहे की बाळ जन्मलं त्या पहिल्या दवाखान्यातल्या डॉक्टरलाही हे माहीत असावं. आमचे पहिले काही आठवडे वाया गेले ते तिथेच.

---

पुरावा_हवा

भावना समजल्या, आता आकड्यांकडे येऊ. एप्ली आणि पोन्सेटी ही निवडक यशं आहेत, आणि दोन्ही मुळात डॉक्टरांनीच काढलेली. पाठदुखीच्या मॅनिप्युलेशनचं (मणक्याला हाताने दाब किंवा झटका देण्याचं) चित्र इतकं झळाळतं नाही. २०१९ मध्ये 'बीएमजे'त ४७ चाचण्यांचा, ९,२११ रुग्णांचा आढावा आला. निष्कर्ष काय, तर जुनाट कंबरदुखीत हा उपचार इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकाच चालतो. जास्त नाही. शिवाय ज्याच्यावर उपचार होतोय त्याला आणि करणाऱ्याला 'खोटा' उपचार कळू न देणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे स्पर्शाचा, आपुलकीचा परिणाम वेगळा काढता येत नाही. त्यात क्रेनिओसॅक्रलसारखे प्रकार, जिथे कवटीच्या हाडांची लय बोटांना जाणवते म्हणतात आणि दोन तज्ज्ञांची मोजणी आपसांत जुळत नाही. दार उघडलं की हेही आत येणार.

---

फिजिओ_परळ

तुमचा प्रश्न टाळता येणार नाही, म्हणून सावकाश उत्तर देते.

हो, परिणाम छोटा आहे. पण तुलना कशाशी करायची? डब्ल्यूएचओच्या हिशेबाने २०२० मध्ये जगात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती. २०२३ मध्ये त्यांनी जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात समजावून सांगणं आणि व्यायाम यांच्याबरोबर मणक्याचे हस्तोपचार व मालीश हे पर्याय आहेत. पट्टा, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) आणि अफूजन्य वेदनाशामकं मात्र नेहमीसाठी देऊ नका असं म्हटलंय. आपल्या शहरात कंबरदुखीला सर्रास काय मिळतं? पट्टा आणि ट्रॅक्शन. यात माझ्या व्यवसायालाही उत्तर द्यावं लागेल, आणि ते द्यायला हवं. व्यायामाइतकाच परिणाम असेल, पण दुखणारा माणूस हाताने थोडा मोकळा झाला की व्यायामाला तयार होतो, हे आम्ही रोज बघतो. हात एकटा कधीच पुरत नाही, व्यायामाबरोबरच वापरायचा.

क्रेनिओसॅक्रलबद्दल पूर्ण सहमत. ते आत येऊ नये, आणि का येऊ नये हेच वर्गात शिकवावं. 'कट' असा आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा, हाड जागेवर बसल्याचा नव्हे, हेही तिथेच सांगावं. दार बंद ठेवलं म्हणून या गोष्टी थांबलेल्या नाहीत, पेशंट मोबाइलवर बघून तिकडे जातातच. त्यांचा डॉक्टर मात्र त्याबद्दल दोन वाक्यं बोलू शकत नाही.

---

मिक्सोपॅथी_नको

पुन्हा खिचडी. आयुर्वेदाच्या पीजींना ५८ शस्त्रक्रियांची परवानगी झाली, होमिओपॅथना वर्षभराच्या कोर्सवर ॲलोपॅथीची औषधं, आता हे. प्रत्येकाने आपापलं काम करावं.

---

उपनगरी_जीपी

तो वाद दुसऱ्याच्या पदवीने आपली औषधं लिहिण्याचा आहे. इथे मागणी एमबीबीएसच्या मुलाला पाठ तपासता यावी एवढीच आहे. कृपया तो वाद इथे आणू नका, त्यासाठी आधीचा धागा चालू आहे.

---

फिजिओ_परळ

आता पुढचं. राष्ट्रीय अभ्यासक्रम बदलायची वाट बघत बसलो तर माझी निवृत्ती होईल. पण इलेक्टिव्ह, म्हणजे निवडीचा छोटा अभ्यासक्रम, कॉलेजला स्वतः आखता येतं. मी प्रस्ताव लिहायला घेतलाय. जीपी सरांच्या म्हणण्याप्रमाणे पहिला तास 'हात कधी लावायचा नाही' हा. त्यानंतर पाठ, खांदा, गुडघा एकमेकांवर तपासणं. मग एप्ली, पुल्ड एल्बो, नवजात बाळाचं पाऊल बघणं आणि कुठे पाठवायचं. हलक्या हालचाली आमच्या विभागात, पेशंटच्या संमतीने, आमच्या माणसांच्या नजरेखाली. एक सत्र बाहेरच्या परंपरांवर, त्यात वैद्यबुवांना आणि हाडवैद्यांची कामं जवळून बघितलेल्या कुणाला तरी बोलवायचं. ताई, तुम्ही याल का? आजोबांचं जे आठवतं ते लिहून द्या, तारीखवार नसलं तरी चालेल.

शेवटी ओएससीई. इंटर्न_ताईंचं म्हणणं जसंच्या तसं प्रस्तावात घातलंय, पडदा आणि सिस्टरसकट.

---

हाडवैद्याची_नात

येईन. आईलाही विचारते, तिला जास्त आठवतं. ती त्यांच्या हाताखाली कामट्या तासायची.

---

वैद्य_वरळी

येतो. पण 'हे कशावरून' विचारणार असाल तर मलाही मेटलंडवाल्यांना विचारू द्या.

---

अस्थि_निवासी

माझा विरोध अजून पूर्ण गेलेला नाही. झटक्याचे कुठलेही प्रकार यात नसतील हे प्रस्तावात लेखी हवं, आणि मुलांना मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर 'थेरपिस्ट' असा शब्द नको. या दोन गोष्टी असतील तर कोपराचं सत्र मी घेतो. गुंतागुंतीच्या केसेसचे फोटो आहेत माझ्याकडे, ओळख पटणार नाही असे. ते बघितल्यावर कुणी कोपर चोळणार नाही.

---

फिजिओ_परळ

दोन्ही अटी मान्य. आजच घालते.

---

इंटर्न_ताई

मॅडम, बॅचमधल्या काही जणांशी बोलले. बरेच तयार आहेत, पण शनिवार दुपारी, परीक्षेच्या तयारीचा वेळ धरून. आणि खोलीत कॉट किती आहेत ते आधी कळवा, जोड्या त्या हिशेबाने लावते.